खंडेनवमीचं जहाज

रविवार, २८ सप्टेंबर

आधी तक्रार, श्री मागून. काल गारा पडल्या आणि गाडीच्या टपाला पोचे आले. गाडी बाहेर उभी होती, कारण गॅरेजमध्ये जहाज आहे. माणसं गॅरेजमध्ये गाडी ठेवतात, माझ्या लेकाने लढाऊ जहाज ठेवलंय. सून, विनया, फार्मसीत आठ तास उभी राहून येते आणि भिजत गाडीपासून दारापर्यंत पळते. तिच्याच्याने बोलवत नाही, म्हणून मी बोलले. तर नितीश म्हणतो, आई, रंग ओला आहे.

॥ श्री ॥ घातला. आता पुढे.

हे जहाज दोन वर्षं चाललंय. फ्रान्सचं कुठलं तरी जुनं, त्याची हुबेहूब प्रत. तान्ह्या पोराच्या पाळण्याएवढी लांब आहे. बोट म्हटलं की त्याला राग येतो. लाइट क्रूझर म्हणायचं म्हणे. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटर, संध्याकाळी चिमट्याने दोऱ्याएवढे कठडे चिकटवायचे. येत्या अकरा तारखेला इथल्या हॉलमध्ये मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन आहे, तिथे हे जहाज जायचं. मग तरी गाडी आत येईल.

आणखी एक खोड. एरवी गॅरेजचं दार सताड उघडं टाकून बसतो, पण शेजारची मॅरियन फाटकाशी दिसली रे दिसली की बटण दाबून दार खाली. वाऱ्याने रंगावर धूळ बसते म्हणतो. वेलिंग्टनच्या या जॉन्सनव्हिलचा वारा काय फक्त मॅरियनच्या मागून चालतो?

मॅरियन ही माझी इथली एकुलती एक मैत्रीण. ऐंशीची आहे, माझ्याहून मोठी. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी चार शब्द. ती लिंबं देते, मी मेथी देते. ती गुडघा दाखवते, मी कंबर दाखवते. नवरा ग्रॅहम तीन वर्षांमागे गेला, रक्ताचा कॅन्सर. नेव्हीतला माणूस. जिवंत असताना आमच्या ड्राइव्हवेवर उभा राहून नितीशशी जहाजांवर बोलत बसायचा, दोघांचा चहा गार व्हायचा.

बुधवार, १ ऑक्टोबर, खंडेनवमी

काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. झालं तसं लिहिते.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. हे पिंपरीच्या कारखान्यात लेथवर होते. त्या दिवशी मशीन पुसून, हळदकुंकू वाहून, नारळ फोडून घरी यायचे. त्या लेथने पोरगा शिकवला, पोरगा इथवर आला. तेव्हा इथे कोणी कितीही नाक मुरडो, मी पूजा चुकवत नाही. चौरंगावर नितीशचे पाने-पकडी, विनयाचं गोळ्या मोजायचं ते तबक, नातीची, इराची, सायकल शेजारी, माझी विळी, व्हॅक्यूम क्लीनरसुद्धा.

मी म्हटलं, जहाज आण. दोन वर्षं हात चालवलेस, ते हातचं काम नव्हे का. तर नको म्हणाला. मी म्हटलं, का नको. तर म्हणाला, आई, राहू दे, ते वेगळं आहे. वेगळं म्हणजे काय ते सांगेना. मग मीच ओरडले, की तुझ्या बापाने मशीन पुजली म्हणून तू जेवलास आणि तुला तुझ्या कामाची लाज वाटते. मग आणलं. तोंड पाडून आणलं.

झेंडू या दिवसांत इथे नसतो. सकाळी मॅरियनने टोपलीभर कोवाईची फुलं दिली होती. तिच्या अंगणातलं झाड, पिवळ्याधमक घंटांसारखी फुलं. त्यांची माळ केली आणि जहाजाच्या उंच डोलकाठीपासून टोकापर्यंत सोडली. पुढच्या तोफांना कुंकू लावलं. छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

चारला मॅरियन नैवेद्याला आली. व्हॅक्यूम क्लीनरला कुंकू बघून हसली, इराला म्हणाली माझाही आणू का. मग जहाजापाशी वाकली. चष्मा वर केला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जहाजाचं नाव आहे, ते वाचलं. द ग्रास, असं मोठ्याने म्हणाली. नितीशकडे बघून काहीतरी म्हणाली. तिने माळेला एक बोट लावलं, काढलं, पुरणपोळीची ताटली होती तशी टेबलावर ठेवली आणि गेली. दारसुद्धा हळूच लावलं.

मी इराला विचारलं, काय म्हणाली. इरा आधी सांगेना. मग म्हणाली, "आजी, शी सेड, ती फुलं ग्रॅहमच्या झाडाची आहेत. आणि तुम्ही ती त्याच्यावर घातली."

त्याच्यावर म्हणजे कोणावर?

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

मॅरियनला सोनं द्यायला गेले. आपटा कुठला, कावाकावाची पानं घेऊन गेले, तीही बदामासारखी असतात, चालवून घेतो. बेल दाबली. आत रेडिओ चालू होता. मग रेडिओ बंद झाला. दार उघडलं नाही.

घरी आले आणि नितीशला समोर बसवलं. म्हटलं, सणाच्या दिवशी मला बाहेर उभं राहायला लावलंस, आता बोल.

बोलला. तिकडे पॅसिफिकमध्ये मुरुरोआ म्हणून बेट आहे, फ्रान्सवाले तिथे अणुबॉम्ब उडवून बघायचे. स्वतःच्या देशात नाही हं, अर्ध्या पृथ्वीपलीकडे, दुसऱ्यांच्या समुद्रात. त्र्याहत्तर साली इथल्या सरकारने निषेध म्हणून आपली लढाऊ जहाजं तिथे नेऊन उभी केली. की बघा, आम्ही इथे आहोत, उडवा आता. उडवलाच. त्यातल्या एका जहाजावर ग्रॅहम होता, विशीतला पोर. तो ढग त्याने बघितला. पुढे कॅन्सर झाला तेव्हा तो आणि मॅरियन दोघं म्हणत राहिले की हे तिथलंच. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

आणि तुझ्या या बोटीचं त्यात काय, मी विचारलं.

तर इंजिनियरसाहेब म्हणतात, "आई, तोच तर मुद्दा आहे. त्र्याहत्तरला हे जहाज तिथे नव्हतंच. बाहत्तरपर्यंत होतं. ग्रॅहम तिथे गेला त्या साली दुसरी जहाजं होती."

मी म्हटलं, आणि बाहत्तरपर्यंत तिथे काय करत होतं? मासे धरत होतं?

म्हणाला, कमांड शिप होतं. म्हणजे बॉम्बवाले साहेब त्याच्यावर बसून हुकूम द्यायचे.

उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं. हे उंट समुद्रातले.

मी म्हटलं, म्हणजे भट्टी याने पेटवली, सहा-सात वर्षं फुंकली आणि ग्रॅहम पोळला तेव्हा फुंकणारा बदलला होता, म्हणून याचा दोष नाही. असं मॅरियनला सांगणार आहेस? सांग जा. तारखांसकट सांग.

उठून गेला. जेवायला श्रीखंड होतं, कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

मॅरियनचा पडदा बंद. कालही बंद होता. मला काय, मला कोणाची गरज नाही. पुण्याहून आले तेव्हा काय मॅरियनला विचारून आले होते का. मेथी जून होत चाललीय, खुडून आमटीत घातली. इतकी मेथी चौघांना होत नाही.

माळ मी बुधवारीच उतरवली. कुंकू तोफांवरून निघत नाही, नितीश म्हणतो रंगात मुरलं. मुरू दे.

सोमवार, ६ ऑक्टोबर

आज त्याला म्हटलं, या जहाजाची जन्मापासूनची कथा सांग, काही गाळायचं नाही. मी ज्याला कुंकू लावलं त्याचं कुळ मला माहीत असायला हवं. सोयरीक करताना चौकशी करतो, ही तर पूजा होती.

मी भाजी निवडत ऐकली.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर लोरियां म्हणून गावी गोदीत बांधायला घेतलं. अर्धं होतंय तोवर जर्मन आले, गोदी त्यांची झाली. जर्मन म्हणाले, याच्यावरून विमानं उडवू. मग त्यांनाही जमेना, सोडून दिलं. लढाई संपली तेव्हा हे तसंच अर्धवट पडलेलं. सेहेचाळीसला पाण्यात ढकललं, तरी काम पुरं नाही, पुन्हा वर्षानुवर्षं पडून. मी म्हटलं, हे तर लग्न मोडलेल्या मुलीसारखं झालं. छप्पन्नला एकदाचं नौदलात रुजू केलं. तोवर विमानं इतकी पुढे गेलेली की असल्या तोफांच्या जहाजांचे दिवसच सरलेले. तरी काही वर्षं मिरवलं, भूमध्य समुद्रात इकडून तिकडे.

इथवर नितीश फार रंगून सांगत होता. हात हलवत होता, लहानपणी शाळेतली गंमत सांगायचा तसा. मला बरं वाटलं. हे खरं लिहिते, ऐकायला बरं वाटत होतं.

मग म्हणाला, चौसष्टच्या सुमाराला दुरुस्तीला घेतलं, काही तोफा काढल्या, मागे अँटेनाचा मोठा सांगाडा उभारला, सहासष्टला पॅसिफिकमध्ये पाठवलं. बाहत्तरपर्यंत तिथे. चौऱ्याहत्तरला भंगारात. संपलं.

मी म्हटलं, जन्माला यायला अर्धा तास लावलास आणि बॉम्बची सहा-सात वर्षं एका श्वासात?

माझ्या पुढ्यातलं देठ घेऊन मोडत बसला.

म्हटलं, हॉलमध्ये जहाजापुढे जो कागद लावणार आहेस त्याच्यावर या वर्षांचं काय लिहिलंयस? म्हणाला, पॅसिफिक कमांड शिप. म्हटलं, कशाचं कमांड? म्हणाला, सर्व्हिस हिस्टरी थोडक्यात लिहितात, जागा नसते. मी विनयाला तो कागद वाचून दाखवायला लावला. तोफांची तोंडं किती रुंद ते आहे. किती घोड्यांची ताकद ते आहे. रंगाचा नंबर आहे. बॉम्ब नाही.

मी विचारलं, ग्रॅहम कुठल्या समुद्रात गेला होता ते तुला ठाऊक नव्हतं का रे? त्याच्याशी तास तास बोलायचास ते काय हवापाण्याचं?

"ठाऊक होतं," म्हणाला. "त्यानेच सांगितलं होतं मला या जहाजाबद्दल. पहिल्यांदा त्याच्याकडूनच नाव ऐकलं."

मी भाजी टाकून उठले. त्या दाराचं बटण आता कळलं मला. वारा नव्हता तो.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

विनयाने आज मला शिकवलं. म्हणाली, आई, तुम्ही नितीशवर इतकं तोंड सोडताय, पण तो जहाज आणायला नको म्हणत होता. तुम्हीच चौरंगावर ठेवायला लावलंत.

मी म्हटलं, मला माहीत होतं का? त्याने सांगायला नको? नको म्हणजे काय, नको हे काय सांगणं झालं? ताटात विष असलं तर नको म्हणून गप्प बसतात का?

ती म्हणाली, तुम्ही सांगू दिलं असतंत तर.

या घरात सगळ्यांना तोंड फुटलंय. दिवसभर मी तिच्याशी बोलले नाही. संध्याकाळी ती कंबरेला लावायचं मलम घेऊन आली, तेव्हा बोलले, कारण मलम तीच लावते.

नितीश गॅरेजमध्ये जात नाही. जेवतो, वर जातो. रुसून बसलाय. मोठा झाला तरी ती सवय गेली नाही, लहानपणी माळ्यावर जाऊन बसायचा.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

नितीशने प्रदर्शनातून नाव काढून घेतलं. जहाजावर जुनी चादर घातली आणि गाडी आत लावतो म्हणाला, जहाज भिंतीला सरकवून. मी दोन वर्षं हेच मागत होते. आज गाडी आत आली आणि मला अशी चीड आली की विचारू नका.

चादर घालून काय होतं? मढ्यावर घालतात चादर. दोन वर्षं दार खाली करून लपवलंस, आता चादरीने लपव. मी म्हटलं, अरे, जहाज वाईट म्हणून मी ओरडत नाही. लोखंडाला काय अक्कल असते? ते कोणाच्या हुकमाने चाललं ते लिही आणि ठेव लोकांपुढे. नाहीतर मोडून टाक. हे मधलं काय?

म्हणाला, आई, मी तिला दुखवायचं नाही म्हणून लपवलं.

म्हटलं, तिला दुखवायचं नव्हतं तर दुसरं जहाज करायचंस, जगात जहाजांचा दुष्काळ पडला होता का?

त्यावर त्याने जे सांगितलं ते मला पटलं नाही, पण लिहून ठेवते. म्हणाला, ग्रॅहम या जहाजाला शिव्या द्यायचा, पण त्याचा आकार हातांनी हवेत काढून दाखवायचा. शेवटच्या आजारातसुद्धा. तो गेल्यावर मला तेच करावंसं वाटलं.

मग हे त्याच्या बायकोला सांगायला काय झालं होतं? मला सांगून काय उपयोग? मी काय ग्रॅहमची बायको आहे?

शुक्रवार, १० ऑक्टोबर

सकाळी विनयाची शक्कल. म्हणाली, मॅरियनना फुलझाडाची कुंडी देऊ आणि सांगू की नितीशला जहाजाचा इतिहास माहीतच नव्हता, नुसतं मॉडेल म्हणून घेतलं. एवढ्याशा खोट्याने कोणाचं काय जातं, आई? तुमचं येणंजाणं तरी पुन्हा सुरू होईल. पडद्याकडे बघत बसता दिवसभर.

मी कुठे बघते? सिंक खिडकीशी आहे, भांडी घासताना माणूस कुठे बघणार?

दुपारी इरा शाळेतून आली आणि आम्ही दोघी मागे कपडे काढत होतो. मॅरियन कुंपणाशी आली. बारीक झालीय. मला इथल्या रीतीने नमस्कार केला, "किआ ओरा, आशा." म्हणजे बोलली तरी. माझ्या हातात नितीशचे पायजमे, मी तशीच उभी.

ती बोलत राहिली आणि इरा मला सांगत राहिली. म्हणाली, तुला माहीत नव्हतं ते मला त्याच दिवशी कळलं, तुझ्या तोंडावरून. तुझ्यावर माझा राग नाही. दार उघडलं नाही कारण मला रडू येत होतं आणि मला लोकांपुढे रडायला आवडत नाही. मलाही आवडत नाही, मी इराला म्हटलं, सांग तिला. इराने सांगितलं. मॅरियन थोडी हसल्यासारखी झाली.

मग म्हणाली, बॉम्बची ती सगळी वर्षं दर हिवाळ्यात रेडिओवर त्या जहाजाचं नाव यायचं. आम्ही पोरी इथे वेलिंग्टनच्या रस्त्यावर फलक घेऊन उभ्या राहायचो. नंतर ग्रॅहम गेला तिथे, आणि नंतर दुखणं. मला एकच कळून घ्यायचंय.

तिने माझ्याकडे बघून विचारलं, इराकडे नाही. इराने सांगायच्या आधीच मला कळलं.

"डिड ही नो?" त्याला ठाऊक होतं का.

आता नो, म्हणजे नाही, हा शब्द मला येतो. येणाऱ्या चार शब्दांतला तो एक आहे. नो, ही नो नो, असं कसंही म्हटलं असतं तरी तिला पोचलं असतं. कुंपण काय, हातभर उंच. पलीकडून तिने लिंबं दिली असती, मी मेथी दिली असती, जून तर जून. तिचा गुडघा, माझी कंबर. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की तोंडाशी आलं.

इरा भली पोर, आईचं सकाळचं बोलणं ऐकलेलं. ती बोलायला लागली, नो, ही डिडन्ट. मी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की ती किंचाळली. मॅरियनने दोघींकडे बघितलं.

मी म्हटलं, "कम. टुमॉरो. टी. आस्क हिम."

वाऱ्याने मॅरियनचे केस तोंडावर येत होते, तिने बाजूला केले नाहीत. मग म्हणाली, फोर ओक्लॉक. आणि गेली.

इरा रडत आत गेली, म्हणते, आजी, यू हर्ट मी, आय वॉज हेल्पिंग. हो गं बाई. तुला संध्याकाळी थालीपीठ.

शनिवार, ११ ऑक्टोबर, सकाळ

तिकडे हॉलमध्ये प्रदर्शन भरत असेल. इथे चादर मी काढलीय. नितीशने बघितलं, पुन्हा घालायला हात केला, मी बघत राहिले, मग हात खाली घेतला.

काल रात्रीपासून घरात नुसती कुजबुज. विनया त्याला वाक्यं सुचवतेय, असं म्हण, तसं म्हण, आधी सॉरी म्हण मग सांग, म्हणजे टोचणार नाही. तो विचारतो, आई, आणि ती उठून कायमची गेली तर? तुझी एकच मैत्रीण आहे इथे.

ती माझी मी बघेन. जाईल तर जाईल. पडदा काय, धुवायलाही काढतात माणसं.

नाश्त्याला सगळ्यांना सांगितलं, इथेही लिहून ठेवते, नंतर कोणी म्हणायला नको की आजी बोललीच नाही. चारला बेल वाजली की विनयाने दार उघडायचं नाही, कुंडी पुढे करायची नाही. इराने भाषांतर करायचं नाही, त्याला इंग्रजी येतं, त्यावरच पोट चालतं त्याचं. मी चहा टाकीन आणि तोंड बंद ठेवीन. दार नितीशने उघडायचं, जहाजापाशी तिला नितीशने न्यायचं, आणि तिने विचारलं की उत्तर नितीशनेच द्यायचं.